दातांची गाडी शिबिरांच्या दावणीला बांधू नका

(इंदूरच्या आपल्या मंडळाच्या विश्वस्तांना एका सभासदाचं खुलं पत्र)

माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि सर्व विश्वस्त यांस,

स. न. वि. वि.

मंडळाच्या फिरत्या दंत-दवाखान्याची आदिवासी गावांतली, पहिल्या आणि तिसऱ्या रविवारची ठरलेली फेरी बंद करून गाडी यापुढे ‘प्रायोजकांच्या मागणीनुसार महाशिबिरांसाठी’ द्यायची, असा ठराव आपण केला आहे. मला तो कळला व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या इतिवृत्ताच्या फोटोतून. गाडीवर जाणाऱ्या आम्हा डॉक्टरांपैकी एकालाही बैठकीला बोलावलं नव्हतं आणि नंतर कळवलंही नाही. ड्रायव्हरलाही नाही. त्यानं रविवारी सकाळी मला फोन केला, “मॅडम, चाबी तो ऑफिस में जमा करवा ली, आज जाना है कि नहीं?”

हे पत्र बंद पाकिटात घालून कार्यालयात दिलं असतं, तर ‘पुढील बैठकीत विचारार्थ’ असा शेरा मिळून ते कपाटात गेलं असतं. आपल्या कपाटाची मला चांगली ओळख आहे. गाडी सभासदांच्या वर्गणीतून आली, म्हणून पत्रही सभासदांसमोरच ठेवते. मराठीत लिहितेय, कारण हे घरातलं भांडण आहे. सरकारकडे जे मागायचं ते हिंदीत वेगळं लिहिलं आहे.

माझं यात काय गुंतलंय ते आधी सांगते. गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा गणेशोत्सवात वर्गणीची पुस्तकं घरोघर फिरली होती. माझ्या आईच्या भिशीतल्या बायकांनी एका महिन्याची अख्खी भिशी गाडीला दिली; त्या महिन्यात ज्यांचा नंबर होता त्या काकूंनी आपला फ्रिज पुढे ढकलला. पावतीवर ‘ग्रामीण दंतसेवेसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी तेव्हा बीडीएस होऊन नुकताच दवाखाना टाकला होता. शहरातले पेशंट तेव्हा फारसे नव्हते, रविवार मोकळे होते, आणि गाडीला डॉक्टर हवा होता. पुढे पेशंट वाढले, तरी ते दोन रविवार मी कुणाला दिले नाहीत. तुमच्यातल्या निम्म्याअधिक जणांना मी काका आणि मावशी म्हणत मोठी झाले आहे, त्यामुळे भाषा जपणार आहे. मुद्दा मात्र मोघम ठेवणार नाही.

पहिली तक्रार, आणि हीच सगळ्यात मोठी: आपण उपचार मध्येच तोडलेत.

माझ्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत एका फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं ठेवलेले आहेत. प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीनं नाव, गाव आणि फलिया, म्हणजे गावातली वस्ती, लिहिलेला. काहींवर मेणाच्या कडा आहेत, काहींवर मेणात बसवलेले दात. कवळी एका फेरीत होत नाही. आधी प्राथमिक माप, मग त्यावरून बनवलेल्या ट्रेमध्ये पक्कं माप, मग वरखालच्या जबड्यांचा चावा नोंदवायचा, मग मेणातले दात तोंडात घालून बघायचे, मग कवळी द्यायची, आणि दिल्यानंतर जिथे टोचते तिथे ती घासून द्यायची. ही शेवटची फेरी लोकांना बिनमहत्त्वाची वाटते. पण हिरडीला टोचणारी कवळी आठवड्याभरात कोनाड्यात जाऊन बसते, ती कायमची. नालछ्याच्या बाजूच्या एका म्हाताऱ्यानं मेणातले दात आरशात बघितले आणि बायकोला हाक मारली. ती तोंडाला पदर लावून हसली, म्हणाली, लग्नातसुद्धा हा एवढा चांगला दिसत नव्हता. मी त्यांना सांगितलं, आता पुढच्या वेळी पक्के दात. ती पुढची वेळ आपण रद्द केलीत. हिरडी महिन्यामहिन्यानं झिजत जाते, माप शिळं होतं. हे जबडे आणखी सहा महिने फळीवर राहिले तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

कवळीवाल्यांना निदान ठणका तरी नाही. ज्यांच्या दाढेत आम्ही तात्पुरतं सिमेंट भरून ठेवलंय त्यांचं काय? ते सिमेंट काही आठवडे टिकावं एवढ्याचसाठी असतं. ते निघालं की आतली कीड पुन्हा मोकळी होते, मुळाशी पू धरतो, आणि खालच्या दाढांचा पू कधीकधी जबड्याखाली आणि गळ्याकडे उतरतो. जिभेखालचा भाग सुजून जीभ वर ढकलली जाते आणि श्वास कोंडतो. असा रुग्ण मी एमवायच्या, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या, कॅज्युअल्टीत शिकाऊ असताना पाहिला आहे. तो खेड्यातून आला होता, आणि सुरुवात एका किडलेल्या दाढेपासून झाली होती.

हाती घेतलेला रुग्ण वाऱ्यावर सोडायचा नाही, असं दंतवैद्यांची आचारसंहिता सांगते. विश्वस्तांना ती लागू नाही, मान्य. मला लागू आहे, आणि आपल्या ठरावामुळे ती माझ्या हातून मोडली जात आहे.

दुसरी तक्रार महाशिबिराची. मला शिबिरांचं वावडं नाही. शाळेत मुलांना ब्रश कसा धरायचा ते दाखवायला, लोकांच्या मनातली खुर्चीची भीती घालवायला शिबिर चांगलंच. पण आपल्या पत्रकात ‘हजारो लाभार्थी’ असं छापलंय. हिशोब करू या. गाडीत खुर्च्या दोन. जाऊन-येऊन कामाचे तास सहा धरा. म्हणजे दोन्ही खुर्च्यांची मिळून ७२० मिनिटं. दाढ काढायची तर आधी विचारायचं: साखर आहे का, बीपी आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, बाई असेल तर दिवस गेलेत का, सकाळी काही खाल्लंय का. बीपी मोजायचं. इंजेक्शन द्यायचं, बधिर व्हायला थांबायचं, दाढ काढायची, कापसाचा बोळा दाबून धरायला लावायचा, रक्त थांबलं का ते पाहायचं. एका माणसाला वीस मिनिटं हा घाईचा हिशोब झाला. ७२० भागिले २० म्हणजे ३६ माणसं. हजारांना खुर्चीत बसवायचं म्हटलं तर एकेकाच्या वाट्याला मिनिटही येत नाही.

आणि हत्यारं? ती वाफेनं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं चालवावा लागतो, तोही कापडात न गुंडाळलेल्या हत्यारांना. तापायला आणि निवायला वेगळा वेळ. आपल्याकडे जेवढे संच आहेत तेवढीच माणसं एका चक्रात होतात. रांग लांब झाली, पाहुणे हार घेऊन आले, फोटोवाला घाई करू लागला की हत्यारं नुसती स्पिरिटमध्ये बुचकळून पुढच्याच्या तोंडात जातात. हे मी एका शिबिरात डोळ्यांनी पाहिलं आणि तिथून निघून आले. ते कुणाचं होतं ते इथे लिहीत नाही. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून जातात, आणि फोटोत ते दिसत नाहीत. काढलेले दात, रक्ताचा कापूस, सुया, हा सगळा जैववैद्यकीय कचरा २०१६च्या नियमांनुसार रंगांच्या पिशव्या-डब्यांत वेगळा करून प्रक्रिया केंद्राकडे जायला हवा, दात आणि कापूस तर ४८ तासांच्या आत. आपली गाडी तो दर फेरीला इंदूरला परत आणायची. आपलं शहर २०१७ ते २०२३ दर वर्षी देशात स्वच्छतेत पहिलं आलं. त्याच शहरातली गाडी खेड्याच्या मैदानात रक्ताचा कापूस टाकून येणार असेल तर तो पुरस्कार आपण कुठल्या तोंडानं मिरवायचा?

शिबिराचा खरा दोष याहून साधा आहे. दाढ काढल्यानंतर तिसऱ्या दिवशी खड्ड्यात कळ सुरू झाली, तर शिबिर कुठे शोधायचं? फेरीची गाडी पंधरा दिवसांनी येणार हे माहीत असतं, आशाताईकडे आमचा नंबर असतो. शिबिराचा मांडव संध्याकाळी उतरतो. मग माणूस हाटात, म्हणजे आठवडी बाजारात, जाऊन बसतो, तिथे चादरीवर दात मांडून बसलेला एखादा ‘दात बसवणारा’ असतोच. तो शेजारच्या चांगल्या दातांना तारेनं आणि झटपट वाळणाऱ्या ॲक्रिलिकनं खोटा दात चिकटवून देतो. वर्षभरात ते चांगले दातही हलायला लागतात. हिरडीत रुतलेलं ते ॲक्रिलिक काढताना माझे हात दुखतात. पण त्या माणसाला मी फार शिव्या देत नाही. तो दर हाटाला न चुकता तिथे असतो, आणि आपण नसतो.

तिसरी तक्रार तंबाखूची. हिच्यासाठी नियमित फेरी जितकी लागते तितकी दुसऱ्या कशासाठीच लागत नाही.

१ एप्रिल २०१२ला मध्य प्रदेशानं २०११च्या अन्नसुरक्षा नियमांखाली गुटख्यावर बंदी घातली, देशात सगळ्यात आधी. पण मानपूरच्या अलीकडे रस्त्यावरच्या कुठल्याही गुमटीपाशी, टपरीपाशी उभं राहा: पान मसाल्याच्या पुड्यांची एक माळ, आणि तिला लागून तंबाखूच्या छोट्या पुड्यांची दुसरी. दोन्ही एकदम फाडायच्या, एकदम तोंडात टाकायच्या, की झाला गुटखा. २०१६-१७च्या पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले, आणि २१.४ टक्के बिनधुराची घेणारे. आमच्या फेरीत तर तंबाखू न खाणारा तरुण शोधावा लागतो. बायकाही दुखऱ्या दाढेत तंबाखूची चिमूट दाबतात. ठणका थांबतो म्हणतात, आणि मग ती चिमूट दाढ पडून गेल्यावरही सुटत नाही.

सुपारीनं गालाच्या आतली कातडी हळूहळू घट्ट होत जाते. तोंड उघडायला सांगून आम्ही आधी बोटं घालून बघतो. साधारण तीन बोटं उभी मावायला हवीत. दोन मावणारे पुष्कळ भेटतात, एक मावणारेही. अशा माणसाला भाकरीचा घास तोंडात जात नाही, म्हणून तो ती डाळीत कुस्करतो, मिरची सोडतो, आणि हे वयानं होतं असं समजतो. वय असतं पंचवीस.

एका ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराच्या गालात पांढरा चट्टा होता. खुर्चीत बसला तो पलीकडची दाढ दाखवायला. पुडी पूर्ण बंद कर आणि दोन आठवड्यांनी परत दाखव, असं त्याला सांगितलं. कारण तोंडातली जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही तर तुकडा तपासायचा, हा आमचा नियम. हे ऐकून तो स्वतःहून इंदूरला आला असता का? मुळीच नाही. पण दोन आठवड्यांनी गाडी त्याच चिंचेखाली उभी होती, रांगेत त्याची बायको मुलाला घेऊन उभी होती, आणि तिनं त्याला दंडाला धरून आणलं. चट्टा तसाच होता. चिठ्ठी देऊन इंदूरला पाठवला. तुकड्यात कर्करोग निघाला नाही, पण त्या वाटेवरचे बदल निघाले. तेव्हापासून तो गाडीवर तोंड दाखवायला यायचा. सरकारच्या कार्यक्रमात मुखकर्करोगाची तपासणी ३० वर्षांच्या पुढच्यांची, पाच वर्षांतून एकदा होते. हा पोरगा त्या यादीत बसतच नव्हता. त्याच्यासाठी होती ती फक्त आपली गाडी.

महाशिबिरात याचं काय झालं असतं ते सांगते. कार्डावर ‘पांढरा चट्टा, संदर्भित’ असं लिहून त्याला एक टूथपेस्ट दिली असती, आणि लाभार्थींमध्ये एक आकडा वाढला असता.

टूथपेस्टवरून चौथी तक्रार. धार आणि झाबुआच्या आदिवासी पट्ट्यात भूजलात फ्लोराइड जास्त आहे, हे जुनं दुखणं. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोत नसेल तर १.५पर्यंत. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी पोटात गेलं की हिरडीच्या आत बनत असलेल्या दातांवर डाग धरतात: आधी खडूसारखे पांढरे, मग तपकिरी, आणि फार असेल तर दाताचं कवच खड्डे पडून सुटतं. दात उगवतो तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं, ते घासून जात नाही. मागच्या एका प्रायोजित शिबिरात अशाच एका फलियातल्या अंगणवाडीत तीन-चार वर्षांच्या मुलांना फ्लोराइडच्या गोड टूथपेस्ट वाटल्या. त्या वयाची मुलं पेस्ट थुंकत नाहीत, गिळतात. वाटणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्या फलियातला हातपंप, पाणी पिऊ नये म्हणून, लाल रंग फासून ठेवलेला आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण ते तिथे आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचे आले होते. फेरीच्या गाडीला ते ठाऊक असतं. कुठल्या हातपंपाचं पाणी मुलं पितात, नळ आला का, आला तर पाणी येतं का, हे आम्ही डाग असलेल्या प्रत्येक मुलाच्या आईला विचारतो आणि वहीत लिहितो. ती वही आपल्या कार्यालयात आहे. कृपा करून रद्दीत घालू नका.

पाचवी तक्रार पैशाची, आणि ती थोडक्यात. ‘ग्रामीण दंतसेवेसाठी’ म्हणून घेतलेली देणगी प्रायोजकाच्या जाहिरातीसाठी फिरणाऱ्या गाडीवर खर्च करता येते का, हे आपल्या हिशोबतपासनिसांना विचारा. गाडीच्या खात्यात काय शिल्लक आहे ते सभासदांना कळलं पाहिजे. बास.

आता आपली बाजू. इतिवृत्तात तीन कारणं आहेत.

‘हे सरकारचं काम आहे.’ आहे ना! राष्ट्रीय मुख आरोग्य कार्यक्रम २०१४-१५पासून आहे. सामुदायिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य असावा, असं सरकारच्याच मानकांत लिहिलंय. आदिवासी भागात असं एक केंद्र ८०,००० लोकसंख्येमागे. म्हणजे पद भरलेलं असलं, खुर्ची चालू असली, तरी ऐंशी हजार तोंडांना एक माणूस. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येऊन मुलांचे दात बघून जातं, कीड आहे असं लिहितं आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतं. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं म्हणजे बापाची एक दिवसाची मजुरी बुडणार आणि दोघांचं बसभाडं लागणार, तेही दुधाच्या दातासाठी. कोण जाईल? आयुष्मान कार्ड आहे, पण ते दवाखान्यात भरती झालेल्यासाठी; खुर्चीत बसून दाढ भरायला ते चालत नाही. सरकारचं काम सरकारकडून करून घ्यायला मी आपल्याबरोबर भोपाळला यायला तयार आहे. तोवर गाडी गॅरेजमध्ये उभी करून सरकारला लाज वाटेल, असं समजू नका.

‘गेल्या हिवाळ्यात रुग्णसंख्या घटली.’ घटणारच होती. दिवाळी झाली की त्या पट्ट्यातली निम्मी घरं कुलूप लावून मजुरीला गुजरातेत जातात. फलियात उरतात म्हातारी माणसं आणि कुत्री. होळीच्या आधी भगोरियाचे हाट लागतात तेव्हा सगळे परततात, नवे कपडे घालून, हातात थोडे पैसे घेऊन. वेळापत्रक बनवताना हे कुणी विचारात घेतलं नाही. आम्ही डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण ‘रविवार म्हणजे रविवार’ असं उत्तर आलं. रविवारी हाट नसलेल्या गावात गाडी उभी राहायची आणि ज्या दिवशी हाट, त्या दिवशी आम्ही इंदुरात पोहे-जलेबी खात असायचो. दोष रुग्णांचा नाही, कॅलेंडरचा आहे.

‘गाडी जुनी झाली, जनरेटर आणि कॉम्प्रेसर सारखे बिघडतात.’ हे कारण खरं आहे, त्या जनरेटरनं आम्हाला अनेकदा रडवलंय. पण निम्म्या कामाला कॉम्प्रेसर लागतच नाही. किडीचा मऊ भाग हाताच्या हत्यारानं खरवडून काढायचा आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं, ही पद्धत १९८०च्या दशकात टांझानियात अशाच वीज नसलेल्या गावांसाठी विकसित झाली. ड्रिलचा आवाज नाही, त्यामुळे मुलं रडत नाहीत. बऱ्याचदा इंजेक्शनही लागत नाही. दुसरं, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड: किडीवर थेंब लावायचा, कीड बहुतेकदा थांबते. त्यानं दाताचा तेवढा भाग काळा पडतो, हे आईला आधी सांगून तिची संमती घ्यायची. दाताला लावायचं असल्यानं फ्लोराइडच्या गावातही त्याचा नेमका वापर डॉक्टर करू शकतो. ग्लास आयोनोमर आणि हे औषध, दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. म्हणजे जनरेटर बंद असला तरी एक टेबल, एक चांगला हेडलाइट, हत्यारांचे पुरेसे संच आणि गॅसवर चालणारा ऑटोक्लेव्ह एवढ्यावर दिवस भरता येतो. अडतं ते फक्त डॉक्टरांच्या हातांवर. आणि हात आहेत. बीडीएसच्या इंटर्नशिपच्या १२ महिन्यांतले ३ महिने सामुदायिक दंतवैद्यक आणि ग्रामीण सेवेसाठीच असतात. इंदुरात १९६१पासूनचं सरकारी दंत महाविद्यालय आहे, खासगीही आहेत. त्या मुलांना शहरातल्या शाळांत पोस्टर चिकटवत बसवण्यापेक्षा आपल्या गाडीवर पाठवा, असा साधा करार त्यांच्याशी करता येईल. आजवर कुणी पत्र तरी लिहिलंय का?

फेरीनं काय बदललं हे आकड्यांत सांगता येत नाही; नोंदवह्या नीट ठेवल्या नाहीत, त्यात आम्हीही आलो. पण सुरुवातीला खुर्चीत बसणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा: काढून टाका. भरायची दाढ पुढ्यात असली तरी काढा, कारण पुन्हा कोण येणार. अलीकडे बायका विचारायला लागल्या होत्या, वाचते का बघा. ज्याला माहीत आहे की हीच डॉक्टरीण पुन्हा येणार, तोच दाढ वाचवायचा विचार करतो.

तेव्हा मागण्या अशा.

ठराव तातडीनं स्थगित करा आणि विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. सभासद ठरवतील ते मला मान्य असेल, विरोधात गेलं तरी.

सभा होईल तेव्हा होईल, त्याआधी गाडीची चाबी द्या. अर्धवट राहिलेले उपचार पूर्ण करायला गाडी याच महिन्यापासून गेली पाहिजे. डिझेलला पैसे नसतील तर तसं लिहून द्या, आम्ही डॉक्टर आपसात काढू. कवळ्यांचा लॅबचा खर्च मी भरते आहे, तो मागत नाही.

गाडीच्या निधीचा सुरुवातीपासूनचा जमाखर्च सभासदांसमोर ठेवा.

वर्षभराचं वेळापत्रक लेखी करा, रविवार बघून नव्हे, हाट बघून. दिवाळीनंतरच्या महिन्यांत फेऱ्या कमी, होळीच्या आसपास जास्त. ते गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरावर, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रावर, आणि शाळेवर चिकटवा. गाडी येणार नसेल तर दोन दिवस आधी आशाताईला फोन गेलाच पाहिजे.

प्रायोजक जरूर घ्या. पीथमपूरच्या मोठ्या कारखान्यांना सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठीचा, पैसा खर्च करायचाच असतो, आणि गाडीवर त्यांचं नाव रंगवायला माझी हरकत नाही. पण गाडी कुठे जाणार, कितीजणांना बघणार आणि काय वाटणार, हे डॉक्टर ठरवतील. ऑटोक्लेव्हच्या एका चक्रात जेवढे संच, तेवढीच माणसं. पाहुणे कितीही मोठे असोत.

गाडीच्या कामासाठी एक छोटी समिती नेमा. तिच्यात दोन विश्वस्त, दोन डॉक्टर, आणि फेरीच्या गावांतल्या दोन आशाताई असू द्या. त्यांना बैठकीला यायचं भाडं मंडळानं द्यावं आणि बैठक हिंदीत घ्यावी.

दंत महाविद्यालयांना इंटर्नसाठी पत्र पाठवा. मसुदा माझ्याकडे तयार आहे, सही तेवढी हवी.

या पत्राचं उत्तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आत मिळावं. त्या दिवशी मी फळीवरचे जबडे खोक्यात भरून माझ्या गाडीनं जाणार आहे. तिच्यात खुर्ची मावत नाही, त्यामुळे कवळ्यांच्या पलीकडे फार काही जमणार नाही. दाढा भरायला मंडळाची गाडी लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मंडळाची आजीव सभासद आणि दंतवैद्य,
इंदूर